हजर आणि हुजूर

पोफळीत राहणाऱ्याला केंद्रीकरण म्हणजे काय, हे पुस्तकात वाचावं लागत नाही. घाटमाथ्यावरचं कोयनेचं पाणी बोगद्यातून इकडे येतं, डोंगराच्या पोटातली यंत्रं फिरवतं आणि इथली वीज दूरदूरच्या शहरांना जाते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला, इथली यंत्रं थांबली आणि मुंबईचे कारखाने खोळंबले. सारं एका ठिकाणी गोळा केलं की कारभार सोपा होतो. पण तिथं धक्का बसला की तो सगळ्यांनाच बसतो.

विजेचं जे, तेच नोंदींचं. हल्ली ‘ब्लॉकचेन’ हा शब्द कानावर येतो. सोप्या भाषेत सांगायचं तर ही एक हिशेबाची वही. मात्र ती एका कारकुनाच्या कपाटात नसते. तिच्या प्रती असंख्य संगणकांवर असतात. प्रत्येक पानावर मागच्या पानाची खूण असते, त्यामुळे मधलंच पान बदललं तर चोरी उघडी पडते. पण इथेरियम ही साखळी उभारणाऱ्यांपैकी विटालिक ब्युटेरिन यांनीच एक पेच मांडून ठेवला आहे. वही अनेकांच्या हाती असावी, ती सुरक्षित असावी आणि तिच्यावर भराभर, भरपूर नोंदी व्हाव्यात. ही तिन्ही एकाच वेळी पुरेपूर साधणं फार अवघड.

आपल्या इतिहासाला हा पेच नवा नाही. जुन्या मराठी कागदांत ‘महजर’ भेटतो. वतनाचा तंटा लागला की सभा बसे. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, बलुतेदार आणि मुसलमानी अंमलात काझीसुद्धा. निवाडा लिहिला जाई आणि खाली साक्षी पडत. ज्यांना लिहिता येत नसे ते निशाणी करत. कुणब्याचा नांगर, वाण्याचा तराजू, बाकीच्यांची आपापली हत्यारं. तो कागद खोटा पाडायचा तर इतक्या सगळ्यांना फिरवावं लागे. त्या सभेत सर्वांचं वजन सारखं होतं, असं मात्र कुणी समजू नये. गावात एका पक्षाचं बळ जास्त असलं तर तंटा दुसऱ्या ठिकाणच्या सभेपुढे नेत. बहुमतच विकत घेतलं तर काय, ही आजच्या संगणकतज्ज्ञांची चिंता तेव्हाही होती. साक्षीदार अनेक, कागद पक्का. पण काम संथ. एकेक भांडण वर्षानुवर्षं चाले.

महजर, हजर आणि हुजूर हे तिन्ही शब्द एकाच अरबी धातूतून आले. महजरात सगळे हजर असत. उलट पेशव्यांच्या सरकारी कागदपत्रांचं नाव होतं ‘हुजूर दफ्तर’. मुलखाचा हिशेब पुण्यात एका जागी. इंग्रजांच्या हाती ते दफ्तर आलं आणि १८५२ च्या कायद्याने बळ मिळालेल्या इनाम कमिशनने इनामांची झाडाझडती घेतली. नोंदी एकत्र असल्यामुळेच एवढ्या मोठ्या मुलखाची तपासणी शक्य झाली. हजारो इनामं गेली. दफ्तरही त्यांचं आणि निवाडाही त्यांचाच. गावाची साक्ष दुय्यम ठरली.

मग वही गावातच ठेवली की झालं? आमच्या रत्नागिरी जिल्ह्याचा अनुभव तसा नाही. इथं खोत गावातलाच. कुळांकडून वसूल करायचा त्यानं, सरकारात भरायचा त्यानं आणि हिशेबाची वहीही त्याच्याकडेच. कुळांचे हक्क कागदावर यावेत म्हणून १८८० चा खोती कायदा झाला. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं आणि शेवटी १९४९ च्या कायद्याने ती संपवली. वही जवळ असणं वेगळं आणि ती सगळ्यांची असणं वेगळं.

आता आजकडे या. २००९ पासून चालू असलेल्या बिटकॉइनची वही जगभर पसरलेली आहे. मूळ साखळी फोडणं महाकठीण, पण सेकंदाला जेमतेम सात व्यवहार आणि साधारण दहा मिनिटांनी एक पान. घाई असणाऱ्यांनी साक्षीदार कमी केले. ‘रोनिन’ या साखळीत मोजके नऊ साक्षीदार होते आणि पाचांची सही पुरत असे. त्यांतले चार एकाच कंपनीचे. मार्च २०२२ मध्ये चोरांनी पाच किल्ल्या मिळवल्या आणि साठ कोटी डॉलरहून जास्त ऐवज लांबवला. महजर लिहिणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्या कुलकर्ण्यानं ही व्यवस्था पाहून कपाळाला हात लावला असता.

त्याच वर्षी गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीत जातीचे दाखले ब्लॉकचेनवर नोंदवण्याचा उपक्रम झाला. आदिवासी मुलाचा दाखला कुणाला बदलता येऊ नये, हे चांगलंच. पण साखळी नोंद जपते, ती नोंद खरी करत नाही. पहिल्याच दिवशी नाव चुकलं किंवा राहून गेलं तर ती चूकही तितक्याच इमानानं जपली जाईल. तेव्हा उद्या सातबारा असो की दाखला, नवी वही गावात येईल त्या वेळी ती किती वेगवान आहे एवढंच विचारू नका. सही कितीजणांची लागते, ते एकमेकांपासून स्वतंत्र आहेत का, आणि नोंद झाली तेव्हा ज्याची जमीन तो हजर होता का, हेही विचारा.