वेदनाशामक इंजेक्शन 'तयार' कसं झालं?

ऑपरेशननंतर रिकव्हरी रूममध्ये नर्स काचेची एक छोटी कुपी फोडते, औषध सिरिंजमध्ये ओढते, त्यात सलाईन मिसळते, वर लेबल चिकटवते आणि ते हळूहळू तुमच्या शिरेतून देते. काही मिनिटांत दुखणं उतरू लागतं. कुपीत असतं मॉर्फिन किंवा फेंटानिल. दिसायला नुसतं पाणी. "डॉक्टर, एवढ्याशा पाण्यासाठी कुलूपबंद कपाट आणि दोन-दोन सह्या?" असं नातेवाईक विचारतात. कुलपाचं कारण बहुतेकांना ठाऊक असतं, हे अफूच्या कुळातलं औषध आहे. पण ते 'पाणी' महिनोन्महिने न नासता, न बुरसता कुपीत टिकावं, यासाठी काय काय करावं लागलं ते फारसं कोणी विचारत नाही. आज तेच सांगतो.

अफूची मोठी अडचण अशी की तिचा जोर सारखा नसतो. एका ढेपेची मात्रा पुरी पडत नाही, दुसरीची तेवढीच मात्रा जीव घेऊ शकते. जर्मनीतल्या पाडरबोर्न गावी औषधाच्या दुकानात काम करणाऱ्या फ्रिडरिश सर्ट्युर्नर या तरुणाने 1804-05 च्या सुमारास अफूमधून तिचा मुख्य घटक स्फटिकरूपात वेगळा काढला. पुढे त्याने स्वतःवर आणि तीन तरुणांवर तो घेऊन पाहिला आणि चौघेही विषबाधेच्या उंबरठ्यावर पोचले! हेच मॉर्फिन. 1827 पासून डार्मश्टाटच्या मेर्क कंपनीने ते विकायला सुरुवात केली. आता मात्रा तोलता येत होती. पण ते होतं कोरडं, आणि सुईतून द्यायचं तर विरघळवणं आलंच.

1853 मध्ये एडिंबरोच्या डॉ. अलेक्झांडर वुड यांनी खांदा-मानेच्या नसांच्या दुखण्याने झोप उडालेल्या एका वृद्ध बाईंना त्वचेखाली मॉर्फिन टोचलं. ते त्यांनी कशात विरघळवलं होतं, माहीत आहे? शेरी नावाच्या वाइनमध्ये. कारण साधं होतं. शुद्ध अल्कोहोलपेक्षा ती कमी झोंबेल आणि नुसत्या पाण्यापेक्षा सुईला गंज कमी लागेल. आज हसू येतं, पण प्रश्न त्यांनी बरोबर ओळखला होता. औषध कशात ठेवायचं, हा प्रश्न औषधाइतकाच मोठा आहे.

पाण्यात मॉर्फिन करून ठेवलं की काही दिवसांत बाटलीत बुरशीचे तंतू तरंगू लागत. म्हणून कित्येक डॉक्टर मॉर्फिनच्या बारीक गोळ्या बॅगेत बाळगत, रुग्णाच्या घरी चमच्यात पाणी गरम करून त्यात विरघळवत आणि टोचत. चमचा कसा, पाणी कुठलं, गोळी पूर्ण विरघळली का, सगळं त्या घरावर अवलंबून. टोचल्या जागी गळवं होत यात नवल नव्हतं.

यावर उत्तर शोधलं पॅरिसमधले औषधविक्रेते स्तानिस्लास लिमूझँ यांनी. 1886 मध्ये त्यांनी एका वेळच्या मात्रेपुरती काचेची कुपी आणली. आत निर्जंतुक द्रावण, आणि मान ज्योतीवर वितळवून कायमची बंद. आपली आजची अँप्युल ती हीच. कल्पना इतकी सरळ की आजही तिच्यात फारसं बदलण्यासारखं सापडलेलं नाही.

पण जंतू अडवले तरी रसायनशास्त्र थांबत नाही. हवेतल्या ऑक्सिजनमुळे मॉर्फिनचे दोन रेणू एकमेकांना चिकटून स्यूडोमॉर्फिन तयार होतं. त्याला मॉर्फिनचा गुण नाही. द्रावण पिवळट, मग तपकिरी पडतं. उजेडाने हे लवकर होतं, आणि द्रावण आम्लधर्मी नसलं तर आणखी लवकर. इथे काचच घात करायची. साध्या काचेतून अल्कली पाण्यात झिरपतं आणि द्रावणातलं आम्ल मारतं. ऑटो शॉट यांनी जर्मनीतल्या येना शहरात बोरोसिलिकेट काच विकसित केली, तिचा उपयोग इथे झाला. मग औषध किंचित आम्लधर्मी ठेवायचं (फार ठेवलं तर शीर चुरचुरते), कुपीतली हवा काढून नायट्रोजन भरायचा, ऑक्सिजन शोषून घेणारं सल्फाइट किंचित घालायचं. एवढं केलं की मॉर्फिन ऑटोक्लेव्हमधली उष्णताही सोसतं.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याकडे टूथपेस्टच्या ट्यूबसारखी सुई लावलेली 'सिरेट' होती. तिच्यात अर्धा ग्रेन, म्हणजे सुमारे 32 मिलिग्रॅम मॉर्फिन असे. टोचल्यावर रिकामी ट्यूब जखमी सैनिकाच्या कॉलरला अडकवत, पुढच्याने पुन्हा देऊ नये म्हणून. तरी विषबाधा झाल्याच. भूलतज्ज्ञ हेन्री बीचर यांनी 1944 मध्ये त्याचं कारण मांडलं. थंडीने आणि रक्तस्रावाने गारठलेल्या शरीरात त्वचेखालचं औषध रक्तात जातच नाही. दुखणं थांबत नाही म्हणून आणखी टोचतात. मग अंग ऊबदार झालं, रक्ताभिसरण सुधारलं की सगळ्या मात्रा एकदम रक्तात उतरतात आणि श्वास मंदावतो. बीचर यांचं म्हणणं, द्यायचंच तर थोडं द्या आणि शिरेतून द्या. आज आपण शिरेतून एका वेळी साधारण 2 ते 5 मिलिग्रॅम देतो आणि परिणाम पाहून पुढचं ठरवतो, त्यामागे हाच विचार आहे.

1979 मध्ये मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी कर्करोगाच्या रुग्णांच्या पाठीच्या कण्यातल्या द्रवात मॉर्फिन देऊन वेदना थांबवल्याचं प्रसिद्ध केलं. टिकवण्यासाठी घातलेली रसायनं मज्जारज्जूला घातक ठरू शकतात, त्यामुळे आता तीही काढून टाकायची होती. म्हणजे टिकाऊपणाचा सगळा भार काच, नायट्रोजन आणि कारखान्यातल्या स्वच्छतेवर आला.

आणि मग उरला शेवटचा टप्पा, जो सगळ्यात अवघड निघाला. कुपीत 1 मिलिलिटरमध्ये 10 किंवा 15 मिलिग्रॅम मॉर्फिन असतं. शिरेतून थोडं थोडं द्यायचं, तर ते आधी पातळ करावं लागतं. 1976 मध्ये रुग्णाने स्वतः बटण दाबून औषध घ्यायचा 'कार्डिफ पॅलिएटर' हा पंप आला. अशा पंपांना तर पातळ केलेल्या औषधाची मोठी सिरिंज किंवा पिशवीच लागते. रात्री तीन वाजता, दमलेल्या हातांनी हे करताना दशांश चिन्ह एक घर सरकलं की मात्रा दहापट. शिवाय सुई प्रत्येक वेळी नव्याने खुपसली की जंतूंना नवं दार.

मग हे पातळ करणं कारखान्यातच का नाही? कारण पिशवी प्लास्टिकची. प्लास्टिकमधून ऑक्सिजन आत येतो आणि पाण्याची वाफ बाहेर जाते, म्हणून वर दुसरं अभेद्य वेष्टन लागतं. रुग्णालयाबाहेरच्या फार्मसीत मोठ्या प्रमाणावर मिसळून घेण्याचा मार्गही निघाला. पण 2012 मध्ये अमेरिकेत अशाच एका ठिकाणी बनलेल्या स्टेरॉइड इंजेक्शनमध्ये (मॉर्फिनमध्ये नव्हे) बुरशी निघाली आणि साठहून अधिक माणसं मेली. वुड यांच्या काळातली ती बाटलीतली बुरशी, दीडशे वर्षांनी! पुढच्याच वर्षी तिथे अशा फार्मसींसाठी नवा कायदा आला.

सगळी औषधं अजूनही वठणीवर आलेली नाहीत. ऑपरेशनमध्ये वापरलं जाणारं रेमिफेंटॅनिल पाण्यात फार काळ टिकत नाही, ते सहसा पावडर म्हणून येतं आणि ऐन वेळी विरघळवावं लागतं. ब्रिटनमध्ये वापरलं जाणारं डायमॉर्फिनही तसंच.

परदेशात पातळ केलेल्या औषधाच्या भरलेल्या सिरिंज आणि पिशव्या आता मिळतात. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी अजून कुपी फोडून सलाईनमध्ये मिसळण्याचीच पद्धत आहे. म्हणून नर्स सिरिंजवर औषधाचं नाव, 1 मिलिलिटरमध्ये किती मिलिग्रॅम आणि मिसळल्याची वेळ लिहिते, दुसरी नर्स ते वाचून पाहते, आणि उरलेलं औषध साक्षीदारासमोर टाकून वहीत नोंदतात. यात दोन-चार मिनिटं जातात आणि तुम्हाला तेव्हा दुखत असतं, हे आम्हाला कळतं. ती मिनिटं त्या लेबलासाठी असतात. तुमच्या माणसाच्या पलंगाशी लेबल नसलेली सिरिंज दिसली, तर "यात काय आहे?" असं बेधडक विचारा.