किती वर्षे? : एका आजाराच्या भाकिताचा इतिहास

आमच्या नात्यातल्या एका मुलाला २६ व्या वर्षी अल्सरेटिव्ह कोलायटिसचे निदान झाले. औषधांविषयी त्याच्या आईने मला काहीच विचारले नाही. तिचा प्रश्न एकच होता : "त्याच्या लग्नाचं बघायचं की नाही?" मी डॉक्टर नाही, वैद्यकाच्या इतिहासाचा वाचक आहे. पण हा प्रश्न इतिहासाचाही आहे. आतड्याच्या जुनाट दाहाचे 'पुढे काय' याचे उत्तर दीडशे वर्षांत पार पालटले, आणि त्याचे श्रेय औषधांइतकेच रुग्णांची मोजणी करणाऱ्यांना द्यावे लागते.

या आजाराची ओळख पटली ती मृत्यूनंतर, तीही एका खुनाच्या खटल्यात. मे १८५९ मध्ये लंडनजवळ रिचमंडला इझाबेला बँक्स ही स्त्री उलट्या-जुलाबांनी खंगून मेली. तिच्याशी लग्न लावणारा डॉ. टॉमस स्मेथर्स्ट आधीच विवाहित होता. त्याने विष घातले असा आरोप आला. विषतज्ज्ञ आल्फ्रेड स्वेन टेलर यांना आधी सोमल सापडला. मग उघड झाले की तो तपासणीला वापरलेल्या तांब्यातूनच आला होता. तरीही फाशीची शिक्षा झाली. गाय्ज हॉस्पिटलच्या सॅम्युएल विल्क्स यांनी मात्र तिची आतडी तपासून व्रण पडलेल्या दाहाचे वर्णन लिहिले. (आजच्या काही अभ्यासकांना ते क्रोनच्या आजाराचे वाटते.) स्मेथर्स्टला अखेर माफी मिळाली, पण दुसऱ्या लग्नाबद्दल वर्षभराचा तुरुंगवास चुकला नाही.

पुढे पन्नास वर्षे भाकीत काळेच राहिले. १९०९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये शहरातल्या इस्पितळांमधले ३०० हून अधिक रुग्ण एकत्र मोजले गेले, तेव्हा जवळजवळ निम्मे दगावलेले निघाले. आकडा खरा होता. पण त्या काळी इस्पितळाची पायरी कोण चढे? घरी सगळे उपाय थकले की मगच माणूस तिथे जाई. सौम्य दुखण्याचा, आव समजून दिवस काढणारा रुग्ण त्या वहीत आलाच नाही. माझ्या मते त्यानंतरच्या पिढ्यांची भीती बरीचशी या वहीतून आली.

औषधांची गोष्ट थोडक्यात सांगतो. स्टॉकहोमच्या नाना स्वार्ट्झ यांनी सांधेदुखीसाठी केलेले सल्फासॅलाझिन आतड्याला लागू पडले. १९५५ मध्ये ऑक्सफर्डच्या ट्रूलव्ह आणि विट्स यांनी २१० रुग्णांवर कॉर्टिसोन विरुद्ध नुसती दिखाऊ गोळी अशी चाचणी करून कॉर्टिसोनचा गुण दाखवून दिला. बर्मिंगहॅमच्या ब्रायन ब्रुक यांनी १९५२ मध्ये पोटावरच्या कृत्रिम मलमार्गाचे टोक उलटे दुमडून शिवले, त्यामुळे मोठे आतडे काढल्यानंतरही माणसाला नीट जगता येऊ लागले.

क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपेनहायमर यांनी १९३२ मध्ये न्यूयॉर्कमधून १४ रुग्णांच्या आधारे लहान आतड्याच्या दाहाचे वर्णन केले. नावे वर्णानुक्रमे छापली, म्हणून आजार क्रोनचा झाला! जून १९५६ मध्ये याच दुखण्यासाठी अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. नोव्हेंबरात ते पुन्हा निवडून आले आणि १९६९ पर्यंत जगले. त्यांना नेले ते हृदयाने.

खरा पालट घडवला तो कोपनहेगनने. तिथे इस्पितळाच्या दारात थांबून न मोजता संपूर्ण परगण्यातले रुग्ण नोंदले गेले, सौम्य दुखण्याचेसुद्धा. १९६२ ते १९८७ या काळात निदान झालेल्या ११६० कोलायटिसच्या रुग्णांचा माग वर्षानुवर्षे ठेवला गेला. त्यांचे एकूण मृत्युमान आसपासच्या सर्वसाधारण लोकांएवढेच निघाले. क्रोनमध्ये ते थोडे जास्त होते. चित्र गोड नव्हते : दहा वर्षांत कोलायटिसच्या साधारण चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांचे मोठे आतडे काढावे लागले. पण दहा वर्षांनंतरही ९० टक्क्यांहून अधिक रुग्ण काम करू शकत होते. आजार जुना होत जाईल तशी मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची धास्ती वाढते. म्हणूनच साधारण आठ वर्षांनंतर दुर्बिणीने ठरावीक काळाने तपासणी करायची रीत पडली.

मी त्या आईला हेच सांगितले : लग्नाचे जरूर बघा, पण मुलीकडच्यांपासून लपवू नका, आणि बरे वाटले म्हणून गोळ्या बंद करू देऊ नका. लपवण्याची सवय आपल्याकडे फार.

भारतात हा आजार विरळा, असे दीर्घकाळ मानले गेले. शिवाय आतड्याचा क्षय आणि क्रोन ही दोन्ही दुखणी एकमेकांसारखी दिसतात, त्यामुळे अनेकांना आधी महिनोन्महिने क्षयाची औषधे घ्यावी लागतात. २००३ मध्ये पंजाबातले एक सर्वेक्षण प्रसिद्ध झाले. लुधियानाच्या डॉक्टरांनी घरोघर फिरून ५१,९१० लोकांची विचारपूस केली होती. कोलायटिसचे रुग्ण निघाले २३, म्हणजे लाखामागे ४४ च्या वर.