पोलादी हाताची गोष्ट

कारखान्यातल्या यंत्रमानवाचा विषय निघाला, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. 'मग माणसांनी काय करायचं?' हा प्रश्न खरा आहे आणि तो विचारणाऱ्याला प्रगतीचा शत्रू ठरवण्याचे काही कारण नाही. मात्र या यंत्राचा साठ-पासष्ट वर्षांचा इतिहास मी वाचत गेलो, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. या प्रश्नाचे उत्तर यंत्राच्या अंगात नसते. तेच यंत्र एका गावात संपाचे निमित्त होते आणि दुसऱ्या देशात कामगार त्याला लाडाने गायिकेचे नाव देतात. असे का व्हावे, याचा शोध आज आपण घेऊ.

आधी शब्दाविषयी. 'रोबो' हा शब्द कुठल्या प्रयोगशाळेत जन्मला नाही, तो रंगभूमीवर जन्मला. कारेल चापेक या चेक नाटककाराचे 'आर. यू. आर.' हे नाटक २५ जानेवारी १९२१ रोजी प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहात झाले. त्यातल्या कृत्रिम मजुरांना काय म्हणावे, हे त्याला त्याच्या चित्रकार भावाने, योसेफने सुचवले. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे कुळाने जमीनदाराच्या शेतात फुकट राबणे. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे : वेठ. तेव्हा रोबो म्हणजे वेठबिगार. यंत्राच्या नावातच मालक आणि मजूर यांचे नाते लपलेले आहे.

नाटकातला रोबो कारखान्यात यायला चाळीस वर्षे लागली. जॉर्ज डेव्हॉल हा अमेरिकेतला एक खटपट्या संशोधक. महाविद्यालयीन पदवी नाही, पण डोके सतत चालू. आपोआप उघडणारी दारे त्याने केली होती. डिसेंबर १९५४ मध्ये त्याने एका यंत्राच्या पेटंटसाठी अर्ज केला. वस्तू एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवणारा हात, आणि त्याने काय करायचे ते त्याच्या स्मृतीत नोंदवून ठेवण्याची सोय. पूर्वीच्या स्वयंचलित यंत्रांना जन्मभर एकच काम करता येई. काम बदलले की यंत्र भंगारात. डेव्हॉलच्या हाताला मात्र नवे काम शिकवता येणार होते.

१९५६ मध्ये एका मेजवानीत त्याची जोसेफ एंगलबर्गर या तरुण अभियंत्याशी गाठ पडली. एंगलबर्गरला आयझॅक आसिमॉव्हच्या यंत्रमानवांच्या कथांचे वेड होते. दोघांचे सूत जमले आणि 'युनिमेशन' ही कंपनी उभी राहिली. त्यांचा 'युनिमेट' हा हात १९६१ मध्ये न्यू जर्सी राज्यात ट्रेंटनजवळ जनरल मोटर्सच्या कारखान्यात कामाला लागला. वजन सुमारे पावणेदोन टन. तेलाच्या दाबावर चालणारा. त्याला काम शिकवायचे म्हणजे हात एकदा धरून हव्या त्या जागांवरून फिरवून आणायचा. त्या हालचाली फिरत्या चुंबकीय नळकांड्यावर नोंदल्या जात आणि मग तो त्या न कंटाळता करत राही.

त्याला दिलेले काम कोणते, तेही पाहण्यासारखे आहे. वितळलेला धातू साच्यात दाबून तयार झालेले तापलेले सुटे भाग बाहेर काढायचे. भाजण्याची भीती, वाफा, धूर. असे काम कोणी हिरावून घेतले म्हणून कोण रडणार? यंत्रमानवाचा कारखान्यातला प्रवेश असा शांतपणे झाला. १९६६ मध्ये तर तो जॉनी कार्सनच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात गेला, त्याने बिअर ओतून दाखवली, वाद्यवृंदापुढे छडी फिरवली. प्रेक्षक हसले.

ते हसू लॉर्ड्‌सटाउनमध्ये मावळले. ओहायो राज्यातल्या या गावी जनरल मोटर्सचा कारखाना होता. १९७० मध्ये तिथे 'व्हेगा' नावाची लहान मोटार निघू लागली. सांगाड्याचे वेल्डिंग करायला युनिमेट हात ओळीने उभे केले. त्यांच्या जोरावर तासाला शंभरहून अधिक मोटारी काढायचे ठरले. म्हणजे पट्ट्यावरून दर छत्तीस सेकंदांना एक मोटार. त्या काळी इतर कारखान्यांत साधारण मिनिटाला एक मोटार निघे.

आता इथे नीट पाहा. वेल्डिंग यंत्राने केले. पण पुढे खुर्च्या बसवणे, दारे लावणे, तारा जोडणे ही कामे माणसांचीच होती, आणि त्यांना यंत्राच्या वेगाने पळायचे होते. यंत्राने त्यांचे काम काढून घेतले नव्हते, त्यांच्या कामाचा ताल ठरवला होता. शिवाय १९७१ च्या अखेरीस व्यवस्थापन बदलले, शेकडो माणसे कमी केली गेली आणि त्यांची कामे उरलेल्यांच्या माथी आली. कामगार बहुतेक पंचविशीच्या आतबाहेरचे, काही व्हिएतनामच्या युद्धातून परतलेले. अर्धवट काम झालेल्या मोटारी पट्ट्यावरून पुढे जाऊ लागल्या. तक्रार-अर्जांची संख्या हजारांत गेली. मार्च १९७२ मध्ये सुमारे ९७ टक्के मतांनी संप ठरला आणि तो २२ दिवस चालला. काढलेल्यांपैकी बहुतेक जण परत आले. वेगाचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

आपल्या गिरणगावाला हे दुखणे नवे नव्हते. १९२८ साली मुंबईतले सुमारे दीड लाख गिरणी कामगार सहा महिने संपावर होते. त्यामागचे एक मोठे कारण हेच होते : दोन मागांवर काम करणाऱ्या विणकराने आता तीन माग सांभाळावेत, ही मालकांची योजना. माग वाढले, पण विणकराला दोनच हात होते. लॉर्ड्‌सटाउनच्या तरुणांना मुंबईचा हा इतिहास ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तक्रार मात्र एकाच घराण्यातली होती.

आता जपानकडे वळू. १९६७ मध्ये एंगलबर्गर टोकियोला व्याख्यान द्यायला गेला. मायदेशात त्याला ऐकणारे थोडे. इथे शेकडो अभियंते आणि व्यवस्थापक जमले आणि प्रश्न संपता संपेनात. पुढच्याच वर्षी कावासाकी कंपनीने युनिमेट बनवण्याचा परवाना घेतला आणि १९६९ मध्ये पहिला जपानी युनिमेट तयार केला. १९८० हे वर्ष जपानी उद्योगाने 'रोबोप्रसाराचे पहिले वर्ष' म्हणून साजरे केले. जगातले निम्म्याहून अधिक कारखानी यंत्रमानव त्या दशकात एकट्या जपानमध्ये होते. कामगार त्यांना लोकप्रिय गायिकांची नावे देत.

जपानी माणसाला मुळातच यंत्राची आवड, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. मला ते पुरेसे वाटत नाही. त्याची कारणे अधिक जमिनीवरची आहेत. त्या काळात जपानचा उद्योग भरधाव वाढत होता आणि हात कमी पडत होते. मोठ्या कंपन्यांत एकदा चिकटलेला माणूस निवृत्तीपर्यंत तिथेच राही. पगार मुख्यतः सेवेच्या वर्षांवर ठरे, हातातल्या कामावर नाही. त्यामुळे वेल्डिंग यंत्राकडे गेले, तर वेल्डरची दुसऱ्या विभागात बदली होई, शिक्षण मिळे, पगार तोच. नोकरीच जाणार नसेल, तर धूर आणि ठिणग्या यंत्राने घेतल्याचे दुःख कशाला? १९८३ मध्ये निस्सान कंपनीने कामगार संघटनेशी लेखी करारच केला. नवे यंत्र आणण्याआधी चर्चा करायची आणि त्यापायी कोणाला कामावरून काढायचे नाही.

हे चित्र गोड वाटते, पण त्यालाही काळी कड आहे. ही हमी मोठ्या कंपन्यांतल्या कायम कामगारांपुरती होती. हंगामी मजूर, लहान पुरवठादारांकडचे कामगार आणि बहुतेक स्त्रिया तिच्या बाहेर होत्या. आणि जुलै १९८१ मध्ये कावासाकीच्या आकाशी इथल्या कारखान्यात ३७ वर्षांचा एक कामगार बिघाड पाहायला कुंपणाच्या आत गेला. यंत्र पूर्ण बंद झालेले नव्हते. पोलादी हाताने त्याला मागच्या यंत्रावर दाबले आणि तो मरण पावला. अमेरिकेत त्याआधी १९७९ मध्ये, मिशिगनमधल्या फोर्डच्या ओतशाळेत, असाच एक २५ वर्षांचा तरुण गेला होता. तारीख होती २५ जानेवारी, चापेकच्या नाटकाच्या प्रयोगाचीच. यंत्रमानवांभोवती पक्की कुंपणे आणि दार उघडताच यंत्र थांबवणारी कुलपे सक्तीची झाली, ती अशा मरणांनंतर.

जपानी मोटारी अमेरिकेत धडाधड खपू लागल्या, तेव्हा जनरल मोटर्सने त्यातून काय धडा घेतला? जपानकडे रोबो आहेत, तर आपणही रोबो घेऊ! १९८० च्या दशकात कंपनीने यंत्रांवर अब्जावधी डॉलर ओतले. डेट्रॉइटजवळ हॅमट्रॅमिक इथे १९८५ मध्ये अडीचशेहून अधिक यंत्रमानवांचा नवा कारखाना उघडला. तिथले रंगारी रोबो मोटारी सोडून एकमेकांनाच रंग फासत होते, अशा हकिकती तेव्हा वर्तमानपत्रांत आल्या.

नेमक्या त्याच काळात कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट गावी वेगळाच प्रयोग चालू होता. तिथला जनरल मोटर्सचा कारखाना भांडणे आणि गैरहजेरी यांसाठी कुप्रसिद्ध. दर पाच कामगारांतला एक घरी. १९८२ मध्ये तो बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटाच्या भागीदारीत तो पुन्हा सुरू झाला. इमारत तीच, युनियन तीच, बहुतेक कामगारही जुनेच. दिमाखदार नवी यंत्रे नव्हती. नवे होते ते दोन नियम. पहिला, परिस्थिती अगदी हाताबाहेर गेल्याशिवाय कोणाला काढायचे नाही, आणि तशी वेळ आली तर आधी वरिष्ठांचे पगार कापायचे. दुसरा, दोष दिसताच कोणत्याही कामगाराने दोरी ओढून पट्टा थांबवायचा. लॉर्ड्‌सटाउनमध्ये वेग वरून ठरत होता. इथे तो थांबवण्याचा अधिकार पट्ट्यावर उभ्या असलेल्या माणसाला होता.

मॅसॅच्युसेट्‌सच्या प्रसिद्ध तंत्रशिक्षण संस्थेच्या, म्हणजे एमआयटीच्या संशोधकांनी याचे मोजमाप केले. जनरल मोटर्सच्या फ्रेमिंगहॅम कारखान्यात एका मोटारीच्या जुळणीला ३१ तास मनुष्यबळ लागे, फ्रीमाँटला १९. गैरहजेरी दोन-तीन टक्क्यांवर आली. १९८८ च्या सुमारास मागणी घटली, तेव्हा रिकाम्या झालेल्या माणसांना घरी न पाठवता प्रशिक्षणाला बसवले. शब्द पाळला गेला.

अर्थात, दिलेला शब्द कायमचा टिकतोच असे नाही. २००९ मध्ये जनरल मोटर्स दिवाळखोरीत गेली, भागीदारीतून बाहेर पडली आणि एप्रिल २०१० मध्ये टोयोटाने फ्रीमाँटचा कारखाना बंद केला. साडेचार हजारांहून अधिक माणसे घरी बसली. लॉर्ड्‌सटाउनमधूनही मार्च २०१९ मध्ये जनरल मोटर्सची शेवटची मोटार बाहेर पडली. ही दोन्ही गावे यंत्रमानवांमुळे उठली असे म्हणता येणार नाही. भांडवल आणि बाजार यांचे निर्णय त्यामागे होते.

फ्रीमाँटच्या इमारतीची गोष्ट मात्र तिथे संपत नाही. ती टेस्ला कंपनीने घेतली. २०१८ मध्ये तिथे नव्या मोटारीचे उत्पादन अडकून पडले, कारण शक्य तिथे यंत्र बसवण्याचा हट्ट. शेवटी माल वाहून नेणारी पट्ट्यांची गुंतागुंतीची व्यवस्था काढून टाकली गेली आणि आवारात तंबू ठोकून माणसांच्या हातांनी मोटारी जोडाव्या लागल्या. अति यांत्रिकीकरण ही आपलीच चूक होती आणि आपण माणसाची किंमत कमी लेखली, अशी कबुली कंपनीचे प्रमुख एलॉन मस्क यांनी एप्रिल २०१८ मध्ये जाहीरपणे दिली. ज्या छपराखाली टोयोटाने हा धडा शिकवला, त्याच छपराखाली तो पुन्हा शिकावा लागला.

आता हा हात आपल्या दारात आहे. आंतरराष्ट्रीय रोबोटिक्स महासंघाच्या मोजणीनुसार २०२३ अखेर जगातल्या कारखान्यांत ४२ लाखांहून अधिक यंत्रमानव काम करत होते. भारतात त्या एका वर्षात साडेआठ हजार नवे बसले. चाकणला बजाज ऑटोच्या कारखान्यात कुंपणाशिवाय माणसाशेजारी काम करणारे हलके रोबो २०१० पासून आले आणि त्यांच्या बरोबरीने स्त्री कामगारही जुळणीच्या कामावर उभ्या आहेत. जड पाने आवळण्याचे काम यंत्राने उचलले, तर बाईला कारखान्याचे एक दार उघडते, ही यंत्राची चांगली बाजू विसरता कामा नये.

पण दुसरा आकडाही आहे. सरकारच्या २०२२-२३ च्या वार्षिक उद्योग पाहणीत कारखान्यांतल्या दर दहा कामगारांमागे चार कंत्राटी निघाले. जपानी वेल्डरला जी निश्चिंती होती, ती या चौघांना नाही. यंत्र आले तर दुसऱ्या विभागात जा, शिकून घे, असे त्यांना सांगणारा मालकच नसतो, असतो तो ठेकेदार.

म्हणून श्रोतेहो, एखाद्या कारखान्यात पोलादी हात येतो आहे असे कळले, तर तो किती वेगाने फिरतो एवढेच विचारू नका. त्याचा वेग ठरवणार कोण, पट्टा थांबवायची दोरी कोणाच्या हाती, आणि ज्याचे काम गेले त्याला उद्या कुठे जायला सांगणार, हेही विचारा. वेठीला यंत्राला जुंपायचे की माणसाला, याचा निर्णय आजवर यंत्राने कधीच केलेला नाही.