तुरीवरील कोळ्याचे नामकरण

तुरीच्या वरणावाचून महाराष्ट्रीय ताटाला पूर्णता येत नाही. परंतु त्या वाटीभर वरणामागे किती चिंता आणि किती अभ्यास उभा आहे, याची जाणीव नगरवासी कुटुंबांना क्वचितच असते. जालना जिल्ह्यातील बदनापूर येथे कृषी संशोधन केंद्र असून तेथे तुरीचे नवे वाण सिद्ध करण्याचे कार्य चालते. ज्या शत्रूंना तोंड देतील असे वाण तेथे निर्माण करावे लागले, त्यांपैकी ‘वांझ रोग’ हा एक मोठा चमत्कारिक शत्रू होय.

सामान्यतः रोग म्हटला की झाड सुकते, काळवंडते, अखेर मरते. वांझ रोगाने ग्रासलेली तूर मरत नाही. भोवतालची झाडे पिवळ्या फुलांनी बहरून शेंगा धरू लागतात, त्या वेळी हे झाड बारीक, फिकट आणि ठिपकेदार पानांच्या दाटीने झुडपासारखे हिरवेगार उभे असते. त्याला ना फूल, ना शेंग. म्हणूनच काही अभ्यासकांनी या रोगास ‘हिरवी महामारी’ असे संबोधिले आहे. रोप 45 दिवसांचे होण्याच्या आत लागण झाली, तर 95 ते 100 टक्के उत्पन्न बुडते. 1984 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत या रोगामुळे भारतात दरवर्षी 2 लक्ष 5 हजार टन तुरीची हानी होते, असा अंदाज वर्तविण्यात आला होता.

या रोगाची पहिली शास्त्रीय नोंद 1931 साली बिहारमधील पुसा येथे झाली. त्या काळी आजचा जालना जिल्हा अस्तित्वात नव्हता. तो मुलूख निजामाच्या राज्यात मोडत असे. पुढे 1952 साली कपूर या शास्त्रज्ञांनी मुंबई राज्यातील वांझ तुरीविषयीची आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. रोगट झाडाचे कलम निरोगी झाडावर बांधले असता रोग त्यातही उतरतो, हे दिसून आल्यावर रोगाचे मूळ विषाणू असावा, या तर्काला बळकटी आली. परंतु विषाणूला पाय नसतात. शेतात कलमे बांधीत कोणी हिंडत नाही. मग एका झाडावरून दुसऱ्या झाडावर हा रोग कोण नेतो, हा प्रश्न उरलाच.

त्याचे उत्तर तुरीच्या कोवळ्या पानाच्या पाठीमागे दडलेले होते. तेथे ‘कोळी’ नावाची कीड असते. कोळी म्हटल्यावर भिंतीच्या कोपऱ्यात जाळे विणणारा प्राणी डोळ्यांपुढे येतो. परंतु येथे अभिप्रेत असलेला जीव त्याचा दूरचा भाऊबंद आहे. गुरांच्या अंगावरील गोचीड आणि खरजेचा सूक्ष्म जीव हे याच गोत्रातील. या गोत्राच्या 50,000 हून अधिक जातींचे वर्णन आजवर झालेले आहे. तुरीवरचा कोळी लांबीने मिलिमीटरच्या पाव भागाहून मोठा नसतो. त्याचा देह चातीसारखा निमुळता व फिकट गुलाबी असतो. त्याच्या डंखाने पानावर व्रण उठत नाही. असा चोर डोळ्यांना दिसावा तरी कसा?

या सूक्ष्म कोळ्यांच्या कुळाने युरोपातील पंडितांनाही दीर्घकाळ चकविले होते. 1737 साली फ्रान्समधील रेओम्यूर याने झाडांच्या पानांवरील गाठींचे वर्णन करून त्यांत राहणाऱ्या सूक्ष्म जीवांकडे लक्ष वेधले. कोळी वर्गातील प्रौढ जीवाला सामान्यतः आठ पाय असतात. या जीवांना मात्र चारच. तेव्हा ही कोणा अन्य जीवाची अपुरी बाल्यावस्था असावी, असे काहींना वाटले. जर्मन शास्त्रज्ञ फॉन झीबोल्ट याचा तसाच समज होता. उलट फ्रान्सच्या द्युजार्दँ याने 1851 साली, हे चतुष्पाद जीव स्वतःच पूर्ण वाढलेले प्राणी आहेत, असे प्रतिपादिले. चार पायांचा असूनही अष्टपादांच्या कुळातला, असा हा अपवाद मान्य झाल्यावरच त्यांच्या वर्गीकरणाला पाया लाभला. त्यानंतर ऑस्ट्रियात आल्फ्रेड नालेपा याने आणि 1938 पासून कॅलिफोर्नियात एच. एच. कायफर याने प्रत्येकी शेकडो जातींची वर्णने केली. या कुळातील पुष्कळ जाती एकाच किंवा जवळच्या वनस्पतींवर उपजीविका करतात. त्यामुळे वनस्पती जितक्या विविध, तितक्या या जाती विविध. हिंदुस्थानच्या विपुल वनश्रीत त्यांपैकी कितीतरी अनामिक राहिल्या असल्यास नवल ते काय?

तुरीवरचा कोळी अशांपैकीच एक होता. 1962 साली सेठ या शास्त्रज्ञांनी तुरीच्या वांझ रोगाचा प्रसार याच कुळातील एका कोळ्याकडून होतो, असे दाखवून दिले. ही मोठी घटना होती. तथापि तिच्यात एक उणीव होती. गुन्हेगार सापडला, पण त्याचे नाव कोणालाच ठाऊक नव्हते. ‘एक कोळी’ एवढीच त्याची ओळख.

ती उणीव चार वर्षांनी भरून निघाली. कर्नाटकातील जी. पी. चन्नबसवण्णा यांनी भारतातील या कुळाचा पद्धतशीर अभ्यास केला. त्यांचा ग्रंथ 1966 साली बंगळूरजवळील हेब्बाळच्या कृषी विद्यापीठाने प्रसिद्ध केला. त्यात तुरीवरील कोळ्याचे वर्णन करून त्यांनी त्याला ‘अॅसेरिया कजानी’ हे नाव दिले. यातील पहिले पद प्रजातीचे. दुसरे पद तुरीच्या ‘कजानस कजान’ या शास्त्रीय नावावरून घेतलेले. म्हणजे या जीवाच्या नावातच त्याच्या घराचा पत्ता आला.

असे नामकरण हा केवळ बारशाचा सोहळा नव्हे. पान सूक्ष्मदर्शकाखाली धरून कोळी अलगद उचलावा लागतो, रसायनाने त्याचा देह पारदर्शक करून काचपट्टीवर बसवावा लागतो. मग पाठीच्या ढालीवरील रेषांची नक्षी, देहावरील वलयांची संख्या, केसांची स्थाने व लांबी, पायाच्या टोकावरील पिसासारख्या नखीचे फाटे, हे सारे मोजून त्याचे रेखाचित्र काढावे लागते. पूर्वी वर्णिलेल्या जातींशी ताडून पाहिल्यावर तो खरोखर निराळा ठरला, तरच नवे नाव देता येते. ज्या नमुन्यावरून वर्णन केले, तो आधारासाठी जपून ठेवावा लागतो. कोणत्याही देशातील अभ्यासकाला त्या नावाने नेमका तोच जीव ओळखता यावा, हाच या साऱ्या खटाटोपाचा हेतू.

या खटाटोपाचा शेतकऱ्याला उपयोग काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर पुढील इतिहासाने दिले. 1972 साली हैदराबादजवळ पाटणचेरू येथे इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तेथील डॉ. य. ल. नेने आणि त्यांचे सहकारी रेड्डी यांनी 1976 साली तुरीची परीक्षा घेण्याची एक साधी युक्ती प्रसिद्ध केली. कोळी असलेले रोगट पान कोवळ्या रोपाच्या पानावर घडी घालून तारेच्या टाचणीने टाचावयाचे. रोगट पान सुकू लागले की कोळी आपण होऊन निरोगी पानावर जातात. जे रोप तरीही निरोगी राहील, ते रोगप्रतिकारक. या युक्तीने हजारो वाणांची पारख करणे शक्य झाले.

परंतु येथे नवेच कोडे उपस्थित झाले. एका ठिकाणी निरोगी राहणारा वाण दुसऱ्या ठिकाणी रोगाला बळी पडे. याची कारणे दोन संभवत. एक तर निरनिराळ्या प्रांतांतील कोळी भिन्न जातींचे असावेत; नाही तर कोळी एकच असून त्याने वाहून आणलेला विषाणू भिन्न असावा. पहिले खरे मानले तर कोळ्याला दाद न देणारी तूर शोधावयास हवी; दुसरे खरे मानले तर विषाणूला दाद न देणारी. मार्ग चुकला तर वर्षानुवर्षांचे श्रम वाया जाणार.

या प्रश्नाचा उलगडा वर्गीकरणशास्त्रानेच केला. लावा कुमार आणि त्यांच्या भारतीय व स्कॉटिश सहकाऱ्यांनी ठिकठिकाणचे कोळी गोळा करून त्यांच्या जनुकद्रव्याची तुलना केली, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची शरीररचना तपासली. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सर्वत्र तोच ‘अॅसेरिया कजानी’ आढळला. चन्नबसवण्णांनी 1966 साली आखलेली जातीची सीमा नव्या कसोटीलाही उतरली. मग संशय साहजिकच विषाणूवर स्थिरावला. ज्याचे अस्तित्व इतकी वर्षे केवळ अनुमानाने मानले जात होते, तो विषाणूही याच सुमारास हाती लागला आणि 2003 साली त्याचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध झाले. बंगळूरकडील त्याचा प्रकार तीव्र, तर पाटणचेरूचा सौम्य असल्याचे आढळले. पुढे अशाच दुसऱ्या विषाणूचाही शोध लागला. 1931 साली नोंदलेल्या रोगाचे कारण निश्चित होण्यास सुमारे 70 वर्षे लागली.

या कोळ्याचे सामर्थ्य त्याच्या आकाराच्या मानाने विलक्षण आहे. रोगट पानावर पाव तास रस शोषला तरी तो विषाणू घेऊ शकतो. एका रोपावर असे पाचांहून अधिक कोळी बसले, तर प्रयोगांत त्या रोपाला रोग जडतोच, असे दिसले. त्याला पंख नाहीत. वारा हेच त्याचे वाहन. म्हणून कोळीनाशक फवारण्यापेक्षा प्रतिकारक वाण पेरणे हाच शेतकऱ्याला परवडणारा उपाय ठरतो. बदनापूरच्या केंद्राने दिलेले पांढऱ्या दाण्याचा बी.डी.एन. 711 आणि तांबड्या दाण्याचा बी.डी.एन. 716 हे वाण मर व वांझ या दोन्ही रोगांना तोंड देणारे म्हणून मराठवाड्यात प्रसिद्ध आहेत.

डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवाच्या पाठीवरील रेषा मोजीत बसणे हा वरकरणी रिकामपणाचा उद्योग भासतो. परंतु शेतकऱ्याच्या पदरी शेंगांनी लदलेली तूर पडावी की पानांचे नुसते हिरवे झुडूप, हा प्रश्न अखेर त्या रेषांपाशीच येऊन ठेपला होता. हेब्बाळच्या ग्रंथात त्या काटेकोरपणे नोंदल्या गेल्या नसत्या, तर पस्तीस वर्षांनी कोळी तोच आहे की निराळा, हे ताडून पाहण्यास आधारच उरला नसता. आणि वाणांचा शोध घेणारे संशोधक दोन वाटांच्या फाट्यावरच उभे राहिले असते.