इव्हा दिसली म्हणून काय बिघडले?

जे. बी. प्रीस्टली यांच्या ‘ॲन इन्स्पेक्टर कॉल्स’ या नाटकावर गाय हॅमिल्टन यांनी १९५४ साली काढलेल्या चित्रपटावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. जिच्या आत्महत्येची चौकशी करायला इन्स्पेक्टर बर्लिंग कुटुंबाच्या घरी येतो, ती इव्हा स्मिथ नाटकात रंगमंचावर येतच नाही. इन्स्पेक्टर तिचा फोटो एका वेळी एकालाच दाखवतो. त्यामुळे बर्लिंग मंडळींनी नाडलेली मुलगी एकच होती की निरनिराळ्या, हा संशय उरतो. चित्रपटाने फ्लॅशबॅक घालून जेन वेनमला इव्हा म्हणून समोर आणले आणि संशयाचा जीवच घेतला, असा हा पूर्वपक्ष.

पण नाटकात हा संशय काढतो कोण? बर्लिंगांच्या मुलीशी, शीलाशी, लग्न ठरलेला आणि इव्हाला काही काळ ठेवून मग सोडून दिलेला जेराल्ड. तो उचलून धरतात कोण? आठवड्याला साडेबावीसऐवजी पंचवीस शिलिंग मागणाऱ्या इव्हाला कारखान्यातून हाकलणारे बर्लिंग, आणि ती गरोदरपणी मदत मागायला आली तेव्हा तिला रिकाम्या हाती परत पाठवणाऱ्या त्यांच्या पत्नी. शीला आणि तिचा भाऊ एरिक मात्र म्हणतात की मुलगी एक असो वा पाच, आपण केले ते केलेच. म्हणजे टीकाकार ज्याला नाटकाचे मर्म समजतात, ती आरोपींची पळवाट आहे. कोण तिच्यातून निसटू पाहतो हे दिसावे, एवढ्यासाठीच प्रीस्टलींनी ती ठेवली. चित्रपटात प्रेक्षकाने इव्हाचा चेहरा आधीच पाहिलेला असतो, त्यामुळे त्याला या पळवाटेचा मोह पडत नाही. तो शीलाच्या बाजूला जाऊन बसतो, आणि लेखकालाही तेच हवे होते.

शिवाय इव्हाची अनुपस्थिती ही काही निव्वळ तत्त्वाची गोष्ट नव्हे. १९१२ मधली एक संध्याकाळ, एक जेवणघर, अशी नाटकाची बांधणी. तिथे कारखान्यातली मुलगी येणार कुठून? पडद्यावरही सगळे नुसते बोलण्यातून उरकले असते, तर ‘हे चित्रित केलेले नाटक’ म्हणून याच मंडळींनी नाके मुरडली असती. ॲलिस्टर सिम यांचा शांत, सगळे आधीच ठाऊक असल्यासारखा इन्स्पेक्टर कितीही लक्ष वेधून घेवो, त्याच्या एकट्याच्या जिवावर ते निभावले नसते.

जेराल्डचा फ्लॅशबॅक फाजील हळवा झाला आहे, हे मात्र मान्य. नाटकातला इन्स्पेक्टरही त्याच्याशी जरा नरमाईनेच वागतो. कॅमेरा त्याहून मऊ होतो. पण हा दोष इव्हाला दाखवल्याचा नाही. जेराल्डला स्वतःची कहाणी गोड करून सांगू दिली, त्याचा आहे.