घर वाढविण्यापूर्वीची खरेदी : शब्दांच्या आधारे एक टिपण

‘वाढविणे’ हे मराठीतील मोठे सावध क्रियापद आहे. नारळ वाढवितात, बांगडी वाढविली जाते, रात्री दुकान वाढवितात. फुटणे आणि बंद होणे ह्या क्रियांचा उच्चार अशुभ म्हणून टाळावयाचा असतो, तेव्हा हे क्रियापद त्यांच्या जागी उभे राहते. ‘घर वाढविणे’ ह्या प्रयोगात मात्र त्याचा मूळ अर्थ शाबूत आहे, जरी त्या कामाचा आरंभ बहुधा एखादी भिंत फोडण्यानेच होत असला तरी. पडवी काढणे, सोपा जोडणे, माडी चढविणे, मागील दारी एक खोली घेणे, हे सर्व ह्या ‘वाढविण्या’त येते. आपल्याकडील घरांचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष चौक, महिरपी आणि नक्षीदार खांब यांकडे जाते. पहिली कुदळ पडण्यापूर्वी घरधन्याने काय काय विकत घेतले, कोठून घेतले आणि कोणत्या क्रमाने घेतले, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत टिपणात तो पुणे प्रांतापुरता विचारला आहे, आणि उत्तरासाठी मुख्यतः त्या वस्तूंच्या नावांचा आधार घेतला आहे.

नवे घर आणि वाढविलेले घर यांच्या खरेदीत एक मूलभूत भेद आहे. नवे घर बांधणारा बाजारात जे मिळते त्याप्रमाणे घराची मापे ठरवू शकतो. घर वाढविणाऱ्याला ही मुभा नसते. जुन्या भिंतीची जाडी, जुन्या छपराचा उतार, जुन्या जोत्याची उंची ह्या गोष्टी आधीच ठरलेल्या असतात, आणि बाजार तर मधल्या काळात बदललेला असतो. म्हणून वाढविलेल्या घरात दोन काळांची सामग्री एकमेकींना भिडते, आणि दोन काळांचे शब्दही.

शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजी घातला गेला आणि १७३२ मध्ये वास्तुशांती झाली. त्यासाठी साग जुन्नरकडील जंगलांतून, दगड चिंचवडच्या खाणींतून आणि चुना जेजुरीकडून आणला, असे सांगितले जाते. पुढील पेशव्यांनीही ह्या वाड्यात भर घातली. ही तीन नावे पाहता एक गोष्ट ध्यानात येते : अवजड माल काही दिवसांच्या बैलगाडीच्या वाटेवरून येई, आणि तो ओबडधोबड येई. त्याला घडण कामावरच मिळे. सामान्य कुटुंबाला लाकडासाठी इतके दूर जाण्याचे कारण नसे; परसातील किंवा शेजारच्या बागेतील झाड हीच त्याची वखार. ह्या खरेदीचा नाजूकपणा रामचंद्रपंत अमात्यांनी फार चांगला ओळखला होता. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या त्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमारासाठी लाकूड तोडण्याचा विचार आला आहे. आंबे, फणस यांची झाडे रयतेने लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात, ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. तेव्हा त्यांना हात लावू नये, आणि एखादे झाड जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, द्रव्य देऊन, मगच तोडावे, असा त्या उपदेशाचा आशय आहे. राज्याच्या आरमारालाही लाकूड ‘विकत’ घ्यावे लागावे, हा विचार आजही लक्षात ठेवण्यासारखा आहे.

खरेदीचा क्रम सामग्रीच्या स्वभावावर अवलंबून असे. लाकूड सर्वांत आधी, कारण ओल्या लाकडाची तुळई भिंतीवर चढविली तर ती वाकते आणि फाटते. ते मुरावे लागे. त्यानंतर चुना. कळीचा चुना पाण्यात विरवून झाकून ठेवीत, आणि तो जितका मुरेल तितका कामाला चांगला. मग वाळू घालून तो बैलांच्या घाणीत मळला जाई. विटा आणि खिळे त्यामानाने उशिरा घेतले तरी चालत. विसाव्या शतकात सिमेंट आले आणि हा क्रम उलटा झाला. सिमेंटला दमट हवा सोसत नाही; पावसाळाभर ठेवलेल्या पोत्याचा दगड होतो. चुना आधी घ्यावयाचा आणि सिमेंट शेवटी, हा फरक भाषेतही उतरला आहे. चुना मुरतो, सिमेंट ‘सेट’ होते. मुरणे ह्या क्रियेत जो दीर्घ काळ आहे, तो नव्या सामग्रीत उरलाच नाही, आणि गवंड्याने तिच्यासाठी जुने क्रियापद वापरलेही नाही.

आता नावांकडे वळू. माझे म्हणणे असे की, जी वस्तू घरावर किंवा गावातील कारागिराच्या हातून घडत असे तिचे जुने नाव टिकले, आणि जी दुकानातून तयार आली ती आपले नाव बरोबर घेऊन आली. वीट (इष्टका), खांब (स्कंभ), तुळई (तुला), भिंत (भित्ति), चुना (चूर्ण), खिळा (कील) हे शब्द पहिल्या वर्गातले. बिजागरी हा दुसऱ्या वर्गाचा उत्तम नमुना. तो पोर्तुगीज ‘बिसाग्रा’वरून आला. त्यापूर्वी दारे नव्हती असे नव्हे. फळीच्या वरच्या-खालच्या टोकांना ठेवलेले खुंट चौकटीच्या खाचांत फिरत आणि दार उघडे. सुतार फळीतच तो खुंट काढी, त्यामुळे दारासाठी वेगळे काही विकत घ्यावयाचे नसे. धातूची तयार बिजागरी आली तेव्हा तिच्याबरोबर नावही आले. छपराच्या रिपा, घमेले, चावी, कामावरचा मिस्त्री आणि शनिवारी मिळणारा त्याचा पगार हीदेखील त्याच भाषेची देणगी. पोर्तुगीज शब्द आशियाई भाषांत कसे पसरले याची नोंद गोमंतकीय पंडित सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांनी १९१३ मध्ये ग्रंथरूपाने केली. ती पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी अवश्य चाळावी.

येथे एका रूढ स्पष्टीकरणाविषयी शंका घेणे भाग आहे. परकीय शब्द म्हणजे परकीय राज्याची खूण, असे आपण सहज म्हणून जातो. पुण्यावर पोर्तुगिजांचे राज्य कधीच नव्हते. वसई १७३९ मध्ये मराठ्यांनी घेतली, आणि बिजागरी मात्र वाड्याच्या दारावर चढून बसली. तेव्हा हे शब्द सत्तेच्या मार्गाने नव्हे, तर बंदर, बाजार आणि कारागीर यांच्या मार्गाने घाट चढले असे मानणे अधिक सयुक्तिक होय. फारसी-अरबी शब्दांचा प्रकार थोडा वेगळा दिसतो. मजला, दालान, दिवाणखाना, फरशी, गिलावा यांत बहुतेक शब्द जागेचे किंवा पृष्ठभागाच्या शोभेचे आहेत. ते राहणीच्या रीतीबरोबर आले. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंतांनी रचलेल्या ‘राज्यव्यवहारकोशा’त दुर्गवर्ग आहे आणि पण्यवर्गही आहे, फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्याचा तो थोर प्रयत्न होता. पण गवंडी आजही गिलावाच करतो. दरबारातील लेखनिकाला कोश देता येतो. गवंड्याला कोश देणार कोण?

वरील नियमाला अपवाद आहेत, आणि ते अधिक बोधप्रद आहेत. विलायतेहून आलेल्या लोखंडी चादरीला मराठीने ‘पत्रा’ म्हटले, आणि तिच्या नागमोडी प्रकाराला ‘पन्हळी पत्रा’. लोखंडी दांड्याला ‘सळई’ हा शलाकेचा जुना वारस मिळाला. वस्तू परकी खरी, पण तिचा आकार लोहाराच्या आणि तांबटाच्या ओळखीचा होता. म्हणून तिला घरातले नाव मिळाले.

कौलांची कथा दोन्हींच्या मधली आहे. (‘कौल’ म्हणजे अभयवचन, तो पुल्लिंगी आणि अरबी, छपराचे ‘कौल’ नपुंसकलिंगी आणि ‘कपाल’ शब्दाशी नाते सांगणारे. दोहोंची गल्लत कागदपत्रे वाचताना होते.) कुंभाराचे नळीचे कौल गावातच होई, आणि दर पावसाळ्यापूर्वी ते चाळावे लागे. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, आणि तेथील खाचेत खाच बसणारी सपाट कौले समुद्रमार्गे कोकणात व मुंबईस येऊ लागली. नाम जुनेच राहिले, विशेषण तेवढे नवे : मंगलोरी. पुढे हे विशेषण गावाचे न राहता घडणीचे झाले. कोठेही भाजलेले असले तरी ते कौल मंगलोरीच. घर वाढविणाऱ्याची अडचण येथे सुरू होई. नळीची आणि मंगलोरी कौले एका छपरावर जुळत नाहीत. रिपांमधील अंतर वेगळे, उतार वेगळा. म्हणून जुने घर नळीचे आणि नवी पडवी मंगलोरी, मध्ये पावसाचे पाणी वाहून नेणारी पन्हळ, असे चित्र दिसे.

मापांचीही तीच गोष्ट. गजाचे चोवीस तसू मोजणाऱ्या सुताराची चौकट इंचांच्या काळातील दाराला बसत नाही. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक पद्धती आली आणि प्रमाण वीट १९ × ९ × ९ सेंटिमीटरांची ठरली. पण जुन्या भिंतीला सांधा द्यावयाचा तर नऊ इंची वीटच हवी, आणि बाजाराने ती टिकविली. वाळू-खडीचा ‘ब्रास’ म्हणजे शंभर घनफूट. तोही सुटला नाही.

सिमेंटवर सरकारी नियंत्रण होते त्या काळात खरेदीचे रूपांतर अर्जात झाले. एका खोलीसाठीही परवाना लागे. फर्मानांच्या जगातील हा फारसी शब्द पोत्यांच्या दुकानात येऊन बसला. नियंत्रण १९८२ मध्ये अंशतः आणि १९८९ मध्ये पूर्णतः उठले, तेव्हा परवाना ह्या यादीतून गेला.

‘माल’ हा शब्द मात्र यादीतही आहे आणि कामावरही. घरधनी ‘माल आला का’ असे विचारतो तेव्हा त्याच्या मनात गाडीतून उतरलेली पोती, विटा आणि सळया असतात. गवंडी ‘माल आण’ असे ओरडतो तेव्हा त्याला घमेल्यातले कालवलेले मिश्रण हवे असते. एकाचा माल विकत मिळतो, दुसऱ्याचा कालवावा लागतो. आणि मजुराला दोन्ही अर्थ न विचारता कळतात. दुकानात आज तयार मिळणाऱ्या कडी-कोयंड्याचेही तसेच : वस्तू कारखान्याची, पण गावच्या लोहाराने ती आधी इतकी वर्षे घडविली होती की कारखान्याला नाव बदलता आले नाही. तिच्याशेजारी त्याच फळीवर बिजागरी ठेवलेली असते.