मशेरीची डबी

शिरूरला आमच्या आजीच्या चुलीशेजारी पत्र्याची एक डबी असायची. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची, डबीत भरायची. पहाटे घरातल्या सगळ्या बायका ओट्यावर बसून मशेरी लावणार. दिवसभराच्या रामरगाड्यात तेवढाच काय तो निवांतपणा! याला कुणी व्यसन म्हणत नसे. व्यसन म्हणजे दारू, आणि ते पुरुषांचं.

तंबाखू खरं तर इथली नव्हेच, पोर्तुगीजांबरोबर आलेली. अकबराचा वकील असद बेग याने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला ती विजापुरात पाहिली आणि बादशहासाठी नेली. 1992 साली सरकारने टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली. पण घरच्या तव्याला कसला कायदा?

2010 साली डॉ. आशा प्रतिनिधी आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ग्रामीण महाराष्ट्रातल्या 705 गरोदर बायकांपैकी 218 जणी मशेरी लावत होत्या. जवळजवळ तिघींत एक! त्यांची बाळं वजनाला कमी भरली. मला महत्त्वाचं वाटलं ते हे, की या बायकांना नुसतं मोजलं नाही, सोडायला मदतही केली.

आम्ही काय केलं? दौंडच्या वहिनीला दिवस गेले तेव्हा सगळ्यांनी मिळून तिला रागावलो. ती न्हाणीघरात लपून लावायला लागली. बाळंतपणाला माहेरी गेली. तिथे कुणी मशेरी लावत नव्हतं, तिचीही सुटली. बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर सासरी आली आणि पहिल्याच पहाटे काकूंनी मायेने डबी पुढे केली. वहिनीने घेतली.

डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचटांनी 1986 साली पुण्यात मुक्तांगण सुरू केलं. व्यसन हा आजार आहे आणि उपचारात घरच्यांनाही सामील करून घ्यायचं, हे तिथून आपण ऐकत आलो. पण ते दारूड्या नवऱ्यापुरतंच ऐकलं! बाळंतिणीच्या मशेरीलाही तेच लागू आहे, हे कुणाला सुचलंच नाही.

शेवटी वहिनीच काकूंना म्हणाली, "आई, तुम्ही घरात भाजू नका, म्हणजे मला जमेल." काकूंची स्वतःची सुटली नाही. पण तवा त्यांनी शेजारी नेला. तेवढ्यावर वहिनीची सुटली.

तुमच्या घरात ती डबी कुठे असायची? जरा आठवून बघा.